तीन ओळींची खिडकी

१९९१ साली, तुळशीच्या लग्नानंतरच्या एका मंगळवारी, दुपारी साडेबारा वाजता आमच्या सायंदैनिकाच्या पहिल्या पानावर एका जिवंत माणसाचे नाव मृतांच्या यादीत गेले. मथळ्यात मृतांचा आकडा नऊ होता. यादीत नावे दहा होती. यादी वैतीबाईंनी टाइप केली होती. त्या पानाचा उपसंपादक मी होतो.

वैतीबाई पडद्याकडे न बघता टाइप करत. नजर मजकुराच्या कागदावर आणि बोटे कळफलकावर. पडद्यावर अक्षरे उमटत ती त्यांच्या बोटांच्या सात-आठ शब्द मागे. परिच्छेद संपला की त्या दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत आणि थांबत. पडद्यावर तेव्हा परिच्छेदाचा शेवट अजून यायचा असे. शेजारी उभा असलेला एखादा नवखा वार्ताहर म्हणे, "बाई, पुढचं गेलं का हो?" त्या म्हणत, "जातंय कुठं? येतंय. मागं हाय."

त्या ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या. वडील खाडीत होडी घालत, आई नौपाड्यात दारोदार मासळी विकायची. ज्या गल्लीत आई पाटी घेऊन फिरली त्याच गल्लीत मुलगी टायपिंगच्या क्लासला गेली आणि पुढे त्याच गल्लीतल्या दवाखान्यावरच्या मजल्यावर, आमच्या कार्यालयात, मुख्य ऑपरेटर झाली. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते. संपादकांशी त्या पुस्तकी मराठीत बोलत. आमच्याशी घरचे बोलत. मला त्या 'उपसाहेब' म्हणत. उपसंपादक म्हणजे अर्धाच साहेब, असा त्याचा खुलासा त्यांनी माझ्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर केला होता.

ज्या यंत्रावर त्या बसत ते वर्कस्टेशन होते, म्हणजे आराखड्यांच्या कामाचा मोठा संगणक. एका आराखडे काढणाऱ्या कंपनीने काढून टाकलेले, आमच्या मालकांनी घेतलेले. काळ्यापांढऱ्या मोठ्या पडद्यावर एकावर एक खिडक्या उघडत. प्रत्येक खिडकीत वेगळी बातमी. माऊसने बाण ज्या खिडकीवर न्यावा त्या खिडकीत टाइप होई. हे यंत्र इंजिनिअरांसाठी बनले होते. रेघा ते झटपट काढी. देवनागरी अक्षर मात्र त्याला एकेक चित्र म्हणून काढावे लागे, आणि खिडकी भरली की नवी ओळ घेण्यासाठी ते वरच्या सगळ्या ओळी पुसून पुन्हा काढी. चाळीस ओळींची खिडकी असेल तर एका नव्या ओळीसाठी चाळीस ओळी. आमचे दुसरे दोन ऑपरेटर महिनाभरात यंत्राच्या वेगाने टाइप करायला शिकले. अक्षर दिसले की पुढचे. वैतीबाई शिकल्या नाहीत.

यंत्रातला मराठीचा प्रोग्राम लिमये यांनी लिहिला होता. ते डोंबिवलीचे. आठवड्यातून दोनदा येत, खिशातून स्टॉपवॉच काढत आणि एक ठरावीक मजकूर खिडकीतून वर सरकायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहीत. प्रत्येक वेळी आकडा थोडा कमी झालेला असे. नेहमी लागणाऱ्या अक्षरांची चित्रे त्यांनी यंत्राच्या स्मरणात तयार ठेवली होती. वहिवाटीबाहेरचे जोडाक्षर आले की यंत्र अडखळे.

"उपसाहेब, हे 'आर्थिकदृष्ट्या' कशाला?" वैतीबाई विचारत. "'पैशाच्या बाजूनं' लिही ना. पटकन येतं."

"बाई, भाषा यंत्रासाठी बदलायची का?"

"मग तूच बस इथं, त्याची वाट बघत."

त्या वर्षीच्या आमच्या अग्रलेखांत जोडाक्षरे कमी आहेत.

पहिल्या दिवशी लिमयांनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती आणि ती त्यांनी धरून ठेवली. "वैतीबाई, तुम्ही दाबलेलं एकही अक्षर हे मशीन हरवत नाही. रांगेत ठेवतं आणि सवडीनं दाखवतं. तुम्ही बिनधास्त पुढे जा." यावर त्यांनी आपली पद्धत बसवली. खिडकी मोठी असली की उशीर होतो हे त्यांच्या ध्यानात आले, म्हणून त्यांनी खिडकीची खालची कड माऊसने धरून वर ओढली आणि ती तीन ओळींची केली. पडद्यावर एखादी पट्टी चिकटवल्यासारखी. तीन ओळी पुसून काढायला यंत्राला वेळ लागत नसे. वैतीबाईंची अक्षरे मग बोटांच्या दोनच शब्द मागे राहत. लिमयांनी घड्याळ लावून पाहिले आणि म्हणाले, "मी सहा महिन्यांत जेवढं केलं नाही तेवढं तुम्ही एका ओढीत केलंत." फक्त तीन ओळींच्या वर काय आहे ते दिसत नसे. वैतीबाईंना त्याची गरज नव्हती. मागचे त्यांच्या लक्षात असे.

त्यांची आणखी एक वस्तू होती. चूकवही. लांबट, कापडी पुठ्ठ्याची. छापून गेलेली प्रत्येक चूक त्यात लिहायची हा नियम त्यांनी जुन्या यंत्राच्या काळापासून चालवला होता. तारीख, चूक, ऑपरेटरची सही, उपसंपादकाची सही, असे चार रकाने. दोन सह्या कशाला, असे मी एकदा विचारले. "टाइप करणारा एक, बघणारा एक," त्या म्हणाल्या. "चूक एकट्यानं होत नाय." त्या मंगळवारपर्यंत माझ्या तीस-एक सह्या त्या वहीत होत्या. बहुतेक काना-मात्रांच्या.

त्या मंगळवारी पहाटे शीळफाट्याजवळ वऱ्हाडाची एक बस टँकरवर आदळली. आमचे पान साडेबाराला सुटायचे. कल्याणच्या वार्ताहराचा रुग्णालयातून फोन बारा वाजून पाच मिनिटांनी लागला. लिहून घ्यायला वेळ नव्हता. मी रिसीव्हर कानाला लावून नावे मोठ्याने म्हणत गेलो आणि वैतीबाई थेट टाइप करत गेल्या. वार्ताहराकडे दोन कागद होते, पण नावे तो मिसळून सांगत होता. म्हणून वैतीबाईंनी दोन पट्ट्या एकाखाली एक उघडल्या. वर मृत, खाली जखमी. मी "मृत" म्हटले की बाण वर जाई, "जखमी" म्हटले की खाली.

शेवटचे नाव सुधाकर असे होते. आडनाव इथे देत नाही; त्यात यंत्र अडखळेल असे जोडाक्षर होते. वय सव्वीस, डोंबिवली पश्चिम, पुढे चाळीचे नाव. जखमी.

मी फोन ठेवला. मृतांतल्या पहिल्या नावाचे वय मला तपासायचे होते. मी वैतीबाईंच्या खांद्यावरून हात घातला, माऊस धरला, बाण वरच्या पट्टीवर नेला आणि यादी पहिल्या नावापर्यंत मागे ओढली. वय बरोबर होते.

त्या यंत्रात एक गोष्ट होती जी तोपर्यंत लिमयांखेरीज कोणाला माहीत नव्हती आणि लिमयांनाही ती महत्त्वाची वाटली नव्हती. रांगेत थांबलेली अक्षरे टाइप करताना बाण कुठे होता हे यंत्र पाहत नसे. ती उमटायच्या क्षणी बाण जिथे असेल तिथे ती जात. सुधाकरचे नाव मी बाण हलवला तेव्हा रांगेत होते. ते वरच्या यादीच्या तळाशी जोडले गेले. मी यादीचा माथा पाहत होतो. वैतीबाई खालची पट्टी पाहत होत्या. त्यांचे हात मांडीवर होते.

"एक नाव मागं हाय," त्या म्हणाल्या.

"किती झाली?"

"जखमींची अकरा मारली मी. दहा आल्यात."

"येईल हो."

"येईलच. थांब जरा."

मी छपाईची आज्ञा दिली.

"उपसाहेब, थांब म्हणते ना."

"साडेबारा झाले, वैतीबाई."

प्रिंटरमधून दोन याद्या निघाल्या. मी त्यांतली नावे मोजली नाहीत. पान लावणाऱ्याने त्या कापून चिकटवल्या. वैतीबाई आपल्या जागेवर बसून राहिल्या. त्या अकराव्या नावाची वाट पाहत होत्या. त्यांनी यंत्राला हात लावला नाही, कारण हात लावला तर ते आणखी मागे पडेल असे त्यांना वाटत होते. वीस मिनिटे त्या तशा बसल्या होत्या. मग त्यांनी खालची पट्टी ओढून मोठी केली. दहा नावे. मग वरची पट्टी मोठी केली.

त्या जिन्यावरून धावत छपाईच्या खोलीत गेल्या तेव्हा छपाईयंत्र सुरू होते. कल्याण आणि डोंबिवलीचे गठ्ठे लांबचे म्हणून नेहमी आधी निघत. ते निघाले होते. संपादकांनी छपाई थांबवली आणि ठाण्याच्या प्रतींतले नाव काढले.

"बाकीच्यांचा खुलासा उद्या देऊ," ते म्हणाले.

"उद्या?" वैतीबाई म्हणाल्या. "घरचे आज वाचतील ना, साहेब."

रुग्णालयाचा फोन लागत नव्हता. वार्ताहर तिथून निघालेला होता. वैतीबाईंनी खुंटीवरची पिशवी घेतली. संपादक मला म्हणाले, "तू जा बरोबर."

डोंबिवली स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर आमचा गठ्ठा सुटलेला होता. वैतीबाईंनी उरलेल्या प्रतींवर हात ठेवला. "या इकू नको."

"का? तुम्ही कोण?" स्टॉलवाला म्हणाला. "आज अपघातामुळे खपतोय. सोडा हात."

त्यांनी मला पुढे केले. मी ओळखपत्र दाखवत होतो तेवढ्यात त्या रिक्षात जाऊन बसल्या होत्या. रिक्षात त्या एकदाच बोलल्या. "वाचला नसेल अजून," असे म्हणाल्या. रिक्षावाल्याला वाटले आपल्याला विचारले. तो म्हणाला, "कोण?"

चाळ स्टेशनपासून वीस मिनिटांवर होती. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. त्यावरून खोली कोणती ते कळले. खिडकीच्या कठड्यावर आमचा अंक होता, पहिले पान वर.

सुधाकर मित्राच्या वऱ्हाडात गेला होता. अपघाताची बातमी कळल्यावर त्याचा भाऊ सकाळीच कल्याणला गेला होता आणि त्याचा निरोप आला नव्हता. घरी आई होती, बायको होती आणि शेजारच्या बायका. बायको भिंतीला टेकून बसली होती. तिची पिशवी तिच्या पायाशी होती. पेपर आला तेव्हा ती कल्याणला निघत होती, हे नंतर कळले. एका म्हाताऱ्या शेजारणीने तिचा हात आपल्या हातात घेतला होता, मनगटाशी.

वैतीबाई दारातूनच म्हणाल्या, "सुधाकर जिवंत हाय."

खोलीतले रडणे थांबले.

"यादी चुकलीय. मी टाइप केली, मीच सांगते. त्याचं नाव जखमींत हाय. मशीननं वर टाकलं."

"पेपरात छापलंय," आई म्हणाली.

"पेपर चुकलाय, आई."

"आधी मारायचं आणि मग घरी सांगायला यायचं," मागून एक बाई म्हणाली. "चांगला धंदा आहे."

बायकोने मान वर केली. "तुम्ही पाहिलंत त्यांना?"

वैतीबाई म्हणाल्या, "नाय."

"मग कोणी पाहिलं?"

"आमच्या माणसानं. हॉस्पिटलात. फोनवर सांगितलं."

"यांना सांगितलं?" तिने माझ्याकडे बोट केले. मी हो म्हणालो. "जखमी म्हणाला?" मी हो म्हणालो.

म्हाताऱ्या शेजारणीने मनगट सोडले नव्हते. ती हलक्या आवाजात म्हणाली, "पोरी, उगाच आशा लावून घेऊ नको. हे आत्ता काहीही सांगतील." आणि बांगड्यांकडे पाहिले. वैतीबाई चपलेसकट आत गेल्या, दोघींच्या मध्ये बसल्या आणि त्यांनी बायकोची दोन्ही मनगटे आपल्या मुठींत धरली.

"भाऊ येईपर्यंत हिच्या हाताला कोणी हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "निरोप येतोय. मागं हाय. येतोय."

तेव्हा अडीच वाजून गेले होते. बायकोने विचारले, "मी जाऊ का तिकडे?" आई म्हणाली, एकटी नको. शेजारणी म्हणाल्या, वाटेत चुकामूक होईल. वैतीबाई म्हणाल्या, "बस तू. मी हाय ना. निरोप येईलच." बायको बसली.

साडेतीनला मी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातून रुग्णालयाला फोन केला. लागला नाही. चारला केला. लागला नाही. पाचला एका माणसाने उचलला आणि नाव सांगेपर्यंत ठेवला. मी दर वेळी परत येऊन मान हलवली. वैतीबाईंनी दर वेळी "येतोय" असे म्हटले, पण तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे न पाहता म्हटले. त्यांनी पाणी घेतले नाही, कारण त्यासाठी एक हात सोडावा लागला असता. दिवेलागणीला कोणीतरी खोलीतला बल्ब लावला. आईने देवापुढचा दिवा लावायचा की नाही असे शेजारणीला विचारले.

भाऊ सव्वासहाला आला. तो दारातच बसला. सुधाकर चार वाजून दहा मिनिटांनी गेला, असे त्याने सांगितले. सकाळपासून शुद्धीवर होता. तीन वाजता पाणी मागितले. बायकोचे नाव घेतले, ती कुठे आहे असे विचारले. भावाला वाटले ती वाटेवर असेल. त्याने तसे सांगितले.

बायकोने वैतीबाईंकडे पाहिले. "तीन वाजता," ती म्हणाली, "मी तुमच्याजवळ बसले होते."

वैतीबाईंनी तिची मनगटे सोडली. त्यावर त्यांच्या बोटांचे वळ होते.

परतताना त्या डोंबिवली स्टेशनच्या बाकावर बसल्या आणि तीन गाड्या जाऊ दिल्या. चौथी आल्यावर मी म्हणालो, "वैतीबाई, तुम्ही खरं तेच सांगितलंत. तेव्हा तो जिवंत होता." त्या म्हणाल्या, "ती निघाली होती, उपसाहेब. पिशवी बघितलीस ना? पेपरनं बसवली, आणि मग मी बसवली."

बुधवारच्या अंकात मृतांचा आकडा दहा होता आणि यादीत नावे दहा होती. खुलासा छापायची गरज उरली नाही, असे संपादक म्हणाले. छापला नाही. कुटुंबाकडून तक्रार आली नाही.

गुरुवारी लिमये आले. त्यांनी दोन पट्ट्या उघडल्या, एकीत टाइप केले, बाण दुसरीवर नेला आणि अक्षरे दुसरीत उमटताना पाहिली. त्यांनी ते चार वेळा केले. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं होतं की एकही अक्षर हरवत नाही."

"हरवलं नायच," वैतीबाई म्हणाल्या.

"बाण कोणी हलवला?"

मी तिथे उभा होतो.

"मीच," वैतीबाई म्हणाल्या. "दोन याद्या होत्या. मीच वरखाली करत होते."

लिमयांनी ते वहीत लिहिले. त्यांनी प्रोग्राम दुरुस्त केला, त्याला चार महिने लागले. त्यानंतर अक्षर ज्या खिडकीसाठी दाबले त्याच खिडकीत जाई.

दुरुस्तीची वाट वैतीबाईंनी पाहिली नाही. त्या गुरुवारीच त्यांनी आपली खिडकी ओढून पूर्ण पडद्याएवढी केली. यंत्र पुन्हा चाळीस ओळी पुसून काढू लागले. वैतीबाई एक शब्द टाइप करत, तो उमटेपर्यंत थांबत आणि मग दुसरा टाइप करत. दोन ऑपरेटरांपेक्षाही त्या मागे पडू लागल्या. संपादकांनी एकदा विचारले, "वैतीबाई, तुमचा हात का मंदावला?" त्या म्हणाल्या, "डोळ्यानं बघून मारते आता." मुख्य ऑपरेटरचे काम पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे गेले. 'येतंय' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

चूकवही त्यांनी त्या आठवड्यात माझ्या टेबलावर आणून ठेवली, उघडी, मध्ये पेन घालून. ती सहा दिवस तिथे होती. मी तिच्याशेजारी बसून मजकूर तपासत असे. सातव्या दिवशी मी म्हणालो, "वैतीबाई, त्या दिवशी माऊस..."

"मना ठाव हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या खांद्यावरनंच हात घातलास ना." त्यांनी पेन काढून घेतले आणि वही मिटून नेली.

१९९५ साली नवी यंत्रे आली. त्यांच्या पडद्यावर अक्षर दाबताक्षणी उमटे, कितीही मोठ्या खिडकीत. लिमयांनी जुने स्टॉपवॉच लावून पाहिले आणि मोजता येत नाही असे सांगितले. वैतीबाई त्या यंत्रावरही शब्दागणिक थांबत. यादी असली तर नावे बोटावर मोजत, आणि उपसंपादकाला मोजायला लावत. त्याने मोजल्याशिवाय कागद सोडत नसत. दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. निरोप समारंभ नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी कळफलक ओल्या फडक्याने पुसला, खुर्ची आत सरकवली आणि जिना उतरल्या. मी तेव्हा मुख्य उपसंपादक होतो. वरच्या खिडकीतून मी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत पाहिले.

कार्यालय पुढे नौपाड्यातून हलले तेव्हा जुनी कागदपत्रे वाटून घेतली गेली. बांधीव अंक आणि चूकवही माझ्याकडे आली. त्या मंगळवारच्या डोंबिवली प्रतीत मथळ्यात नऊ आहेत आणि यादीत दहा. चूकवहीत त्या तारखेसमोर वैतीबाईंच्या अक्षरात एक ओळ आहे: 'जखमींतले एक नाव मृतांत.' तिसऱ्या रकान्यात त्यांची सही आहे. चौथा रकाना कोरा आहे.